कागदावर वाढलेलं ताट

॥ श्री ॥

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
मोक्षदा एकादशी

तीर्थरूप वन्संना चंद्रिकेचा नमस्कार. इथून साताऱ्यापर्यंत वाकता येतं तेवढी वाकले आहे, बाकीचा भेटीत.

तुमच्या गुडघ्यांचं कसं आहे? थंडीत जास्त धरतात म्हणून आधी तेच विचारते. त्यांच्यासाठी मी दर शनिवारी देवळात एक पणती लावते (तिळाच्या तेलाची, तेल घरून नेते, देवळाबाहेरचं महाग आणि वर पातळ). आम्ही इथे बरे आहोत. ह्यांची साखर काबूत आहे, जीभ नाही. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोन लावला की हे शेजारी येऊन बसतात आणि मधेच ‘ताई, तू ये गं इकडे’ असं इतक्या मोठ्याने म्हणतात, की माझं बोलणं तिथेच संपतं. म्हणून पत्र.

मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग माझ्या गळ्यात पडला हे तुम्हाला ह्यांनी सांगितलंच असेल. (‘हिला काय शिकवता येणार’ हेही सांगितलं असेल.) घडलं ते असं. वर्ग घेणाऱ्या कल्पनाताई लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या आणि बारसं झालं तरी परतल्या नाहीत. मंडळाचे चिटणीस गिरीधरराव बँकेतून निवृत्त झालेले, नियमाला पक्के. त्यांनी मला विचारलं, कारण हॉलच्या जवळ मीच राहते आणि किल्ली माझ्याकडेच असते. प्रशिक्षित बाई मिळेपर्यंतच, असं त्यांनी तीनदा बजावलं. मी मॅट्रिक, मला ते एकदा सांगितलं असतं तरी कळलं असतं. मुलं आठ, सात ते दहा वर्षांची. घरी तमिळ नाहीतर इंग्रजी. मराठीत ‘नको’ आणि ‘भूक लागली’ एवढं पक्कं. त्यात कार्यकारिणीने ठरवलं की मार्गशीर्षात परीक्षा घ्यायची. प्रत्येक मुलाने कुणाच्या मदतीशिवाय मराठीत एक पान लिहिलं तर वर्ग चालू ठेवायचा, नाहीतर रविवारची वेळ कीबोर्ड वाजवायला शिकवणाऱ्या क्लासला द्यायची. मला त्याचं काही नव्हतं. रविवारी घरातही कामं असतात. तुमच्या माहितीसाठी लिहिते आहे.

मदतीला विद्युलता आहे. मूळची नांदेडची, शोळिंगनल्लूरला संगणकाच्या कंपनीत नोकरी, दर रविवारी दोन बस बदलून येते. तिचं म्हणणं, मुलं लिहायला घाबरत नाहीत, कोऱ्या कागदाला घाबरतात. म्हणून आधी एक आकृती द्यायची, तिच्यातल्या चौकटींत सुचेल ते भरायला लावायचं, मग चौकटी ओळीने जोडल्या की झाला निबंध. ह्याला ग्राफिक ऑर्गनायझर म्हणतात. तसे कागद तिने छापून आणले (एकाच बाजूला छापलेले; मी काही बोलले नाही, पाठकोरे जपून ठेवले). पहिली आकृती कोळ्याची. पोटात विषय लिहायचा आणि आठ पायांवर आठ गोष्टी. मुलांनी पोटात ‘कोळी’ लिहिलं आणि आठ पायांवर आठ वेळा ‘पाय’. चूक म्हणता येत नाही. दुसरी आकृती बर्गरची. वरचा पाव म्हणजे सुरुवात, खालचा पाव म्हणजे शेवट आणि मधे असतं ते म्हणजे मजकूर. आता मंडळाच्या हॉलमध्ये गणपती आहे, शेजारी विठोबा-रखुमाईची तसबीर आहे, आणि त्यांच्यासमोर बर्गरच्या मधे काय काय असतं ह्याची चर्चा सुरू झाली, तीही संकष्टीच्या दिवशी. तन्मय नावाच्या मुलाने चिकन सांगितलं तेव्हा मी उठून देवांपुढचा पडदा ओढून घेतला.

तरी विषय दिला, माझी आजी. आठही जणांचा वरचा पाव एकच, माझ्या आजीचे नाव अमुक आहे. खालचा पावही एकच, मला माझी आजी खूप आवडते. मधे काही नाही. पुढच्या रविवारी गाय दिली, त्याच्या पुढच्या रविवारी समुद्र. गायही खूप आवडते, समुद्रही खूप आवडतो. वन्सं, नुसते पाव.

मग घरी मी विचार केला (म्हणजे मेथी निवडत होते). आपल्याकडे ताट वाढतात ते तरी दुसरं काय, आकृतीच की. काय कुठे वाढायचं हे कुणी विचारत नाही. डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. लग्नानंतर मी पहिल्यांदा चटणी उजवीकडे वाढली आणि सासूबाईंनी ताट परत पाठवलं, आठवतं ना? तुम्ही दाराआड हसलात, मी पाहिलं होतं. तेव्हा पाठकोऱ्या कागदांवर मी ताटं काढली. वर मधोमध मीठ, म्हणजे आपण कशाविषयी बोलतो आहोत ते, चिमूटभर, एका वाक्यात. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, म्हणजे वास, आवाज, रंग, कोण काय बोललं. थोडं थोडंच, पण जिभेला कळेल असं. उजवीकडे भाजी आणि आमटी, म्हणजे काय घडलं. मधे भात, म्हणजे ज्याच्यासाठी एवढं मांडलं ते. शेवटी ताक, म्हणजे उठायची वेळ झाली. ताक प्यायल्यावर कुणी पुन्हा भाजी मागत नाही. हे कुठल्या कोर्सला शिकलात, असं विद्युलताने विचारलं. मी सासूबाईंचं नाव सांगितलं. मुलांना मात्र ते लगेच उमगलं. पाय मोजून भरणारी तीच मुलं आता ताटातली एखादी जागा रिकामी दिसली की बेचैन व्हायची आणि कागद घेऊन माझ्याकडे यायची, आजी, माझी कोशिंबीर राहिली. (मला आजी म्हणतात. मी हरकत घेतलेली नाही.)

वाद व्हायचा तो झालाच. वर्गात रम्या म्हणून आठ वर्षांची मुलगी आहे, तंजावरकडच्या मराठी घरातली. तिला आणायला-पोचवायला तिचे आजोबा व्यंकोजीराव येतात. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि आपल्याशी ते असं बोलतात की जणू आपण कालच्या गाडीने उतरलो. (मला इथे येऊन अडतीस वर्षं झाली. त्यांच्या हिशेबाने ती कालचीच गाडी.) ते एकतीस पायऱ्या चढून वर आले, दम खाल्ला आणि म्हणाले, “बाई, आमच्या घरीं पहिलें पायसम वाढतात. पोरीला पहिलें मीठ कां सांगितलेंत?” मी म्हटलं, तिने खुशाल पायसमपासून (म्हणजे आपली खीर) लिहावं, देवाला दोन्ही पोचतं. ते समाधानाने निघाले आणि अर्ध्या जिन्यातून परत आले. पान केळीचं असावं, हे ताट स्टीलचं दिसतं. मी रम्याच्या कागदावरच्या ताटाला डावीकडे केळीच्या पानाचं टोक काढून दिलं.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी मात्र माझ्याकडून बोलणं जास्त झालं. मुलांना शेजारच्याच्या कागदात डोकावायची सवय, म्हणून मी सांगितलं की परीक्षेचं पान म्हणजे नैवेद्याचं पान समजा. हात धुवून बसा, मन लावून वाढा, मधे चाखू नका, दुसऱ्याच्या पानात बघू नका. मला म्हणायचं होतं ते एवढंच. मुलं अगदी शांतपणे ऐकत होती, तिथेच मला शंका यायला हवी होती. शिवाय शाई. मंडळाच्या कपाटात शाईची भरलेली बाटली आणि कुणीतरी देणगी दिलेली डझनभर शाईची पेनं सापडली, तेव्हा बॉलपेनं आणायचं कारण उरलं नाही. वहीत मी ‘पेनं व शाई, खर्च नाही’ असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

परीक्षेला विद्यालक्ष्मीबाई आल्या होत्या. इथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका, त्याही तंजावरकडच्या, चष्मा साखळीला अडकवलेला. विषय दिला, आमचं घर. मदत होऊ नये म्हणून गिरीधररावांनी मला बाहेर जिन्यात बसवलं. जिन्याला खिडकी आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं. तासाभरात सगळ्यांचं लिहून झालं, पण कुणी परत वाचून बघेना. बाईंनी विचारलं, एकदा वाचून चुका बघायच्या नाहीत का? तन्मय म्हणाला, “नाही. चाखायचं नसतं.” तेवढ्यात रम्या उठली. तिने बाटलीतलं पाणी उजव्या तळहातात घेतलं, आपल्या कागदाभोवती नीट गोल फिरवलं आणि डोळे मिटून बसली. ते बघून बाकीचे सात उठले. मी ओरडायला हवं होतं. पण वन्सं, नैवेद्याभोवती पाणी फिरताना दिसलं की माझे हात आपोआप जोडले जातात, आणि ते सुटेपर्यंत आठही पानं भिजली होती. मोठ्या माणसाचं पाणी पानाबाहेर पडतं, मुलांचं काठावरच पडतं. शाई निघाली. कागदांच्या कडा निळ्या झाल्या, निळं पाणी टेबलावरच्या चादरीत उतरलं (चादर आमचीच, मीच अंथरली होती, ‘खर्च नाही’ ही नोंद मी त्याच दिवशी खोडली).

संपलं, असं गिरीधरराव म्हणाले. कीबोर्डवाल्यांचा नंबर त्यांच्या खिशात तयार होता. विद्यालक्ष्मीबाईंनी मात्र ओली पानं पंख्याखाली पसरली, चष्मा लावला आणि एकेक वाचायला घेतलं. वरच्या ओळी धुवून निघाल्या होत्या, खालच्याही निघाल्या होत्या. म्हणजे ‘आमच्या घराचे नाव अमुक आहे’ आणि ‘मला माझे घर खूप आवडते’ एवढं गेलं होतं. (ताट काढूनही आठही जणांनी ते दोन पाव चोरून आणलेच होते, हे मला तेव्हा उरल्यासुरल्या काना-मात्रांवरून कळलं.) मधलं सगळं राहिलं होतं. तन्मयच्या घरी बाबा फोनवर हळू बोलतात तेव्हा आई भांडी जोरात ठेवते. ऊर्मीच्या घरी मिरचीची फोडणी बसली की शेजारचे मामा तीनदा शिंकतात आणि मग काय केलंय म्हणून विचारायला येतात. रम्याचं पान बाईंनी आधी मनात वाचलं, मग मोठ्याने वाचलं. “आमच्या पानावर लोणच्याची जागा रिकामी आहे. तिथे आजी वाढायची. आता आजोबा तिथे कोणाला वाढू देत नाहीत. मला लोणचं पाहिजे असलं की मी भाताच्या खाली ठेवते.”

व्यंकोजीराव दाराशी उभे होते. ते तसेच जिना उतरून गेले आणि खाली जाऊन रम्याची वाट बघत बसले. विद्युलता माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, “काकू, पाव वाहून गेले, आतलं राहिलं.” बर्गर मला अजूनही पटत नाही, पण त्या आकृतीवरचा माझा राग गेला.

निकाल असा की वर्ग चालू राहणार. कीबोर्डला बुधवार दिला. मात्र नंतरच्या मंडळाच्या सभेत भिजलेल्या प्रकाराची इतिवृत्तात नोंद झाली आणि पुन्हा असं घडू नये म्हणून प्रशिक्षित बाईच नेमावी असं गिरीधररावांनी धरून ठेवलं. तेव्हा हे पाठीमागून उठले. माझी ताई साताऱ्याला चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत होती, रीतसर डी.एड., आणि ती इकडे राहायला येणारच आहे, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. सगळ्यांना फार बरं वाटलं. तेव्हा वन्सं, तुम्ही जरूर या. आतली खोली झाडून ठेवते. मी मॅट्रिक बाई, तात्पुरतीच होते. किल्ली तुमच्या हातात दिली की मी मोकळी. मला त्या वर्गाचं काही नाही, हे वर लिहिलंच आहे.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना माझ्याकडून एकेक पापा. त्याने पाकीट जड होत नाही.

तुमची
चंद्रिका

ता. क. हॉलचा जिना एकतीस पायऱ्यांचा आहे हे लिहिलं, पण वळणावर कठडा नाही हे लिहायचं राहिलं. दोरी बांधली आहे. गाठ मीच मारली आहे, तिची खात्री मी देणार नाही.

ता. क. दुसरा. काल संध्याकाळी व्यंकोजीराव घरी आले. बरोबर लोणच्याची बरणी होती, रम्याच्या आजीच्या हातची शेवटची. आपल्या हातून होत नाही, तेव्हा रविवारी वर्गात रम्याच्या पानावर तुम्हीच वाढा, असं मला म्हणाले. मी बरणी देवापाशी ठेवली आहे. आता पंगत अर्ध्यावर असताना वाढणारीचा हात बदलला तर मुलं गोंधळतात, एवढंच माझं म्हणणं.

ता. क. तिसरा. पुढच्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास गिरीधरराव तुम्हाला फोन करतील आणि वर्ग घ्याल का म्हणून विचारतील. खोटं बोला असं मी सांगणार नाही, आज एकादशी आहे. पण गुडघे दुखतात हे खरंच आहे, तेवढं सांगा. पायऱ्या किती ते त्यांना विचारा आणि आकडा ऐकल्यावर थोडा वेळ काही बोलू नका. ह्यांना यातलं काही कळवू नका. नैवेद्य चाखत नाहीत, पण हे पत्र मी तीनदा वाचून मगच पाकिटात घातलं आहे. गुडघ्यांची पणती येत्या शनिवारी लावणार नाही. फोन होऊन गेला की पुन्हा सुरू करते.