बिबट्या पाल

यवतमाळ, १४ सप्टेंबर २०१७

चि. निशिगंधाले मामीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर रडूच येते, म्हणून दवाखान्यातून लिहून राह्यली. तुह्या मामानं आज डोळे नीट उघडले. चहा मागितला.

त्या दिवशी कपाशी फवारून ते वावराच्या कडंच्या धुऱ्यावर बसाले गेले. दगड सरकवला त खालून जाड शेपटीची पट्टेवाली पाल त्यायच्या पायावरून पळाली. घरी येईस्तोर घाम, उलट्या, तोंडाले फेस. सारे म्हणे, विषारी पाल चावली. शेजारच्या फकिरानं वावरात जाऊन तिले मारलं. झाडफुंकीले न्यायची तयारी झालती, तवाच म्या तुले फोन लावला. तू ओरडून सांगतलं, पालीले विष नसते, हे फवाऱ्याचं विष आहे, औषधाचा डबा घेऊन दवाखान्यात पळा. फकिराच्या पोरीनं, जमनीनं ऑटो आणला. डॉक्टर म्हणे, थोडक्यात वाचले.

पोरी, तुहे उपकार कसे मानू?

तुही मामी, विमल

अमरावती, १९ सप्टेंबर

ती. मामीस सा. न. वि. वि.

उपकार कसले? मामांनी चहा मागितला हे वाचून मी होस्टेलभर पेढे वाटले. मी पालींचा अभ्यास करते म्हणून इथं सगळ्या मला पालीची मावशी म्हणतात, आता खुशाल म्हणू देत.

ती बिबट्या पाल होती. काटेरी झुडपांच्या कोरड्या रानात राहते, किडे खाते. घरातल्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात. आपल्यासारखे डोळे मिटते. मेली त्याचं वाईट वाटलं, पण फकिराकाकांना बोलू नका, ते मामांच्या काळजीनंच धावले. एवढंच सांगा, फवारताना गरगरलं तर वाट बघत बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

मामांना माझा नमस्कार. माया असू द्यावी.

तुमची निशिगंधा

मारेगाव, ८ ऑक्टोबर

चि. निशिगंधाले आशीर्वाद.

सोमवारी फकिरा दुसऱ्याच्या वावरात फवारून आला त हात थरथरत, डोळ्यापुढं अंधारी. लोक पुन्हा म्हणे, काहीतरी चावलं. तुह्या मामाले अजून धड चालता येत नाही, तरी काठी टेकत गेले, साऱ्यायशी भांडले, त्याले ऑटोत घातलं अन् सोताबी संगं बसले.

आज फकिरा घरी आला. जमनी माह्याकडं आली, मांडीवर डोकं ठेवून खूप रडली. जाताना इतकंच इचारलं, ताईले खायले काय आवडते?

कळव. आम्हाले इसरू नको.

तुही मामी, विमल