दोऱ्यांवरून हात

३ जून

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं, म्हणून लिहिते. डॉक्टरांनी खांदा जपायला सांगितला, तेव्हा बॉक्सिंगच्या रिंगमध्ये पुन्हा पाऊल टाकणार नाही, असा शब्द तुम्ही मला दिलात. आता खालच्या मजल्यावरचे काका सांगतात, की तुम्ही बाहेर उभे राहून दोऱ्यांवरून हात आत घालता, जाड पॅड धरता आणि तुमच्या वर्गातल्या मुली त्यांवर ठोसे हाणतात. एकाहत्तराव्या वर्षी ही पळवाट? मला तुमच्या खांद्याची काळजी आहे की स्वतःची झोप प्यारी आहे, हे माझं मलाच कळत नाही. तरी थांबा.

लोभ असू द्या, थोडा डॉक्टरांवरही.
तुमची लेक

१२ जून

चि. छकुलीस, अनेक आशीर्वाद.

ठरलं होतं ते पायांबद्दल. हातांचा विषयच निघाला नव्हता.

इकडे एक गंमत झाली. म्हाताऱ्या शिक्षकाचा वर्ग बंद करा, असं निनावी पत्र क्लबच्या सेक्रेटरींना आलं. खाली 'एक हितचिंतक'. पाच मुद्दे, क्रमांक घालून, आणि शेवटी तसदीबद्दल दोनदा क्षमा. निनावी पत्रात माफी मागणारं माणूस मी आयुष्यात एकच वाढवलंय. दोन दिवस रागावलो होतो, आता नाही.

पण वर्ग बंद झाला. लाँड्रीवाल्याची मुलगी महिनाअखेर पहिली लढत खेळणार आहे. ती सकाळी सहाला येते आणि कुलपासमोर दोरीच्या उड्या मारते. मी पायरीवर बसून मोजतो. खांदा झकास आहे, दिवस मात्र सरत नाही.

लोभ आहेच, तो निनावी ठेवू नकोस.
बाबा

१६ जून

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

ते पत्र माझंच. टाकल्यावर पेटीत हात घालून पाहिला, पोचला नाही. तुमचं भलं तुम्हाला न विचारता करायला निघाले, याची लाज वाटते.

सेक्रेटरींना आज नावानिशी लिहिलंय. मुद्दा एकच: तुम्ही खुर्चीत बसून शिकवायचं. मग पॅड कोण धरणार, असं ते विचारतील. मी दोन आठवडे रजा टाकली आहे. पुढचं पुढे. हसू नका.

तुमची, आता सहीनिशी,
छकुली

६ जुलै

चि. छकुलीस, अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलीस, मनगटं अजून दुखतात, हे कळलं. दुखणारच. प्रत्येक ठोशाला तू डोळे मिटत होतीस. लाँड्रीवाल्याची मुलगी त्याची हुबेहूब नक्कल करते. लढत थोडक्यात हरल्याचं तिला फारसं वाईट वाटलेलं नाही. तिसऱ्या फेरीत आपण एकदाही मागे सरकलो नाही, हे ती आज चौथ्यांदा सांगत होती.

आता पॅड मुली आळीपाळीने एकमेकींसाठी धरतात. मी तुझ्या अटीप्रमाणे खुर्चीतून ओरडतो. बाहेरून त्यांचे पाय नीट दिसेनात, म्हणून खुर्ची रिंगमध्ये ठेवली आहे. शब्द मोडलेला नाही हो. मी पाऊल टाकलंच नाही. चौघींनी मला खुर्चीसकट उचलून आत नेलं.

पुढच्या रजेत ये. डोळे उघडे ठेवून.
बाबा