बंद फ्रीजचा तारांकित प्रश्न

११ डिसेंबर, नागपूर

उभी राहिले. "अध्यक्ष महोदय" म्हणाले. बसले.

एवढंच! आमदार होऊन दहा महिने झाले आणि सभागृहातलं माझं एकूण भाषण दोन शब्दांचं. त्यातला "महोदय"सुद्धा अर्धा घशातच राहिला. अध्यक्ष म्हणाले, "बोला ताई, बोला." मी हात जोडले. शेजारच्यांना वाटलं असेल, बाईंची आरती सुरू झाली.

किशोर वर गॅलरीत बसलेला. ह्यांचा जुना स्वीय सहायक. हे गेल्यावर मतदारसंघासोबत तोही मला वारशात मिळाला. बाहेर आल्यावर म्हणतो, "वयनी, सुरुवात तं चांगली झाली."

"शेवटही," म्हटलं.

१२ डिसेंबर

अकोल्याच्या पेपरात तीन ओळी — "कौशल्याताईंचे मौन". ह्यांच्या भाषणांना अख्खा कॉलम मिळायचा. मला न बोलण्याबद्दल तीन ओळी. तेही काही कमी नाही!

२ जानेवारी, पिंपळखेड

सकाळी नत्थुजी आले. आमच्या मागच्या गल्लीतले, ह्यांच्या प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत बसणारे. आज खुर्ची दिली तर बसेनात. उभ्यानंच सांगितलं.

त्यांची पिंकी बाळंतपणाला माहेरी आली होती. इथल्या ग्रामीण रुग्णालयात मुलगी झाली. मग रक्त थांबेना. डॉक्टर म्हणाले, रक्त चढवावं लागेल, इथं नाही, अमरावतीला न्या. ॲम्ब्युलन्स निघाली. बडनेऱ्याच्या अलीकडंच पिंकी गेली. बाळ चांगलं आहे.

पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

"बाई, मी पुस्तक शिकलो नाई. पण दवाखान्यात मोठा बोर्ड लागून हाय — रक्तसाठवण केंद्र. मले वाचता येते तेवढं. बोर्ड हाय तं रक्त कावून नाई?"

मी म्हटलं, "विचारते."

"कोणाले विचारता?"

सभागृहात हात जोडणारी बाई कोणाला विचारणार?

३ जानेवारी

किशोरला म्हटलं, मला तिथं बोलता येत नाही. राजीनामा कसा लिहितात?

तो हसला नाही. म्हणाला, "बोलता येत नाई तं लिवा ना. प्रश्न लिवून टाका. सरकारले उत्तर द्यावंच लागते, तेही मंत्र्याच्या नावानं, छापून."

दहा महिने मी समजत होते, तारांकित प्रश्न म्हणजे कोणीतरी मोठ्या माणसानं विचारलेला! किशोरनं बिचाऱ्यानं चहा गार होईस्तोवर समजावलं. तारांकित म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागायचं, वर उपप्रश्न करायचे. पण तासाभरात चार-पाचच प्रश्न होतात, बाकीच्यांची उत्तरं नुसती लेखी येतात. कोणाचा नंबर वर, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं.

म्हणजे नंबर खाली लागला तर बोलायची गरज नाही? मग तर हे माझ्यासाठीच केलंय!

दुपारभर बसून लिहिलं. भाषा मोठी मजेची — प्रत्येक वाक्याच्या शेवटी "हे खरे आहे काय". "पिंपळखेड येथील रक्तसाठवण केंद्रात रक्त उपलब्ध नसते, हे खरे आहे काय?" तीनदा मोठ्यानं वाचलं. आपण फार भारी लिहितो असं वाटलं.

५ मार्च, मुंबई

माझा प्रश्न सत्ताविसावा. देव पावला, बोलावं लागलं नाही. लेखी उत्तर आलं.

"(१) हे खरे नाही. सदर केंद्र कार्यान्वित आहे. (२) प्रश्न उद्भवत नाही."

बस. पिंकी गेली आणि प्रश्न उद्भवत नाही.

९ मार्च, पिंपळखेड

नत्थुजींना उत्तर वाचून दाखवलं. आवाज नीट निघाला, कारण समोर अध्यक्ष नव्हते.

त्यांनी कागदावर बोट ठेवून, परत वाचा म्हटलं. मग म्हणाले, "म्हंजे माही पोरगी खोटी मेली काय?"

मी कागद घडी करून पदराखाली घेतला. जणू मीच लिहिला होता.

१० मार्च

न सांगता दवाखान्यात गेले. एकटीच, साधी साडी. वाटलं होतं, आमदार म्हणून कोणी ओळखणार नाही. खरंच नाही ओळखलं! सिस्टरनं विचारलं, "मावशी, बीपी तपासाचं हाय काय?" घेतलं तपासून. वाढलेलं निघालं.

मग केसपेपरवरचं नाव वाचून डॉक्टर धावत आले. तरुण पोरगा, लातूरकडचा. मी म्हटलं, ते केंद्र दाखवा. त्यानं किल्ली शोधली. दाराशी आत ठेवलेले स्ट्रेचर काढावे लागले. आत पांढरा फ्रीज. प्लग काढून वर टांगलेला. दार उघडलं तर रक्तदानाच्या शिबिराची जुनी पोस्टरं, गुंडाळून उभी केलेली.

"मॅडम, यंत्र आलंय, परवानगी आली नाही. मी रुजू व्हायच्या आधीपासून असंच आहे. वर दोनदा कळवलं मी."

"पण वरून तर म्हणतात चालू आहे."

तो खाली बघत म्हणाला, "उद्घाटन झालंय ना, मॅडम."

बाहेर भिंतीवर संगमरवरी पाटी. उद्घाटक — माननीय आमदार महादेवराव. आमचे हे.

तिथंच बाकावर बसले. ह्यांनी आत जाऊन पाहिलं असेल का? नसेल पाहिलं. फीत कापली असेल, फोटो झाला असेल, पुढच्या गावी दुसरी फीत वाट पाहत असेल. ह्यांची सवय मला ठाऊक आहे. घरी पण दार न उघडताच सांगायचे, फ्रीजमध्ये काही नाही म्हणून.

हसू आलं आणि लगेच रडू. बीपी वाढेल नाही तर काय!

११ मार्च

किशोर म्हणतो, "आपलंच चुकलं, वयनी. 'हे खरे आहे काय' विचारलं की 'खरे नाही' म्हणायले जागा भेटते. आकडा विचारा. आकड्याले नाई म्हणता येत नाई."

म्हणजे माझा तो भारी प्रश्न म्हणजे उघडं फाटक होतं. सरकार त्यातून आरामात निघून गेलं, जाता जाता मला नमस्कार करून!

नवीन प्रश्न: केंद्र सुरू झाल्यापासून तिथं रक्ताच्या किती पिशव्या साठवल्या? किती रुग्णांना दिल्या? परवानगी कोणत्या तारखेला मिळाली? एवढंच. एकही विशेषण नाही. किशोरनं तीन विशेषणं घातली होती, मी तिन्ही काढली. शाळेत निबंधात विशेषणं नाहीत म्हणून माझे मार्क कापायचे. आज कामी आलं.

२० मे

पावसाळी अधिवेशनासाठी प्रश्न टाकला आणि दोन दिवसांत आमच्याच पक्षाच्या प्रतोदांचा फोन. "ताई, सरकार आपलं आहे. विरोधक कमी आहेत का प्रश्न विचारायला?"

मी म्हटलं, "होय साहेब."

"मग मागे घेताय ना?"

मी म्हटलं, "नाही साहेब."

दोन्ही वाक्यं आपोआप निघाली. फोन ठेवल्यावर कळलं, एक हात अजून जोडल्यासारखा छातीशी होता. बरं झालं, फोनवर हात दिसत नाहीत.

२१ मे

आज स्वप्निल. माझा एकुलता एक, अमरावतीच्या राजापेठेत ट्यूशन क्लासेस आहेत त्याचे. मोटरसायकल फाटकातच टाकून आत आला.

"आई, तुले समजून राहिलं काय? उत्तरात बाबांचं नाव येईन. सभागृहात!"

"पाटीवर आहेच की."

"पाटी कोण वाचते? तिथं टीव्ही असते. बाबांच्या नावावर तू निवडून आली, अन् त्याच नावावर चिखल टाकून राहिली."

हे खरं आहे. मतं फोटोला पडली, खुर्चीत मी बसले. जेवायला वाढलं. तो जेवला नाही. मी जेवले. फार राग आला की मला भूक लागते, ही माझी लहानपणापासूनची बोंब.

संध्याकाळी ह्यांच्या फोटोपुढं उभी राहिले. विचारलं, काय करू? उत्तर नाही. लेखीसुद्धा नाही.

२७ जून, मुंबई

बॅलट निघालं, म्हणजे त्या चिठ्ठ्या. परवाच्या यादीत माझा प्रश्न पहिला.

पहिला! पळून कुठं जाऊ?

२८ जून

आमदार निवासात सराव. किशोर खुर्चीवर बसून अध्यक्ष झाला. मी कपाटाच्या आरशापुढं. "अध्यक्ष महोदय" — पुढचं गेलं. परत. परत गेलं. किशोर म्हणाला, "वयनी, अध्यक्षाकडे पाहूच नका. नत्थुजी समोर बसले हाय असं समजा."

तसं समजले तर सगळं नीट आलं. फक्त वऱ्हाडीत आलं.

दुपारी छापील उत्तर हातात पडलं. साठवलेल्या पिशव्या — निरंक, म्हणजे शून्य. रुग्ण — निरंक. परवानगी — प्रस्ताव विचाराधीन. आणि खाली, कोणी विचारलं नव्हतं तरी: "केंद्राचे उद्घाटन तत्कालीन स्थानिक विधानसभा सदस्यांच्या हस्ते झाले आहे."

न विचारलेलं उत्तर! मंत्र्यांच्या ऑफिसातलं कोणीतरी हुशार माणूस आहे. मला घरात कोंडायला घरचंच कुलूप लावलं.

स्वप्निलचा फोन आला. "आई, अजून वेळ हाय. गैरहजर राय. तब्येत बिघडली म्हण." बीपी खरंच वाढलेलं होतं, खोटं बोलावं लागलं नसतं. जेवायची वेळ झाली होती, तेवढं सांगून फोन ठेवला.

२९ जून

लिहिते.

माझं नाव पुकारलं. उठले. अध्यक्षांकडं पाहिलंच नाही. दोन कागद हातात.

म्हटलं, "अध्यक्ष महोदय, मार्चमध्ये मंत्रिमहोदयांनी लिहून दिलं, केंद्र कार्यान्वित आहे. आज लिहून दिलं, तिथं आजवर एकही पिशवी ठेवली नाही. दोन्ही कागदांवर त्यांचंच नाव आहे. यातलं खरं कोणतं?"

झालं माझं भाषण. विरोधकांनी बाकं बडवायला सुरुवात केली. मंत्री उठले, बोलायला लागले, पण आवाजच येईना. आणि माझ्या तोंडून निघालं —

"बाकं वाजवू नका ना बाप्पा, मले उत्तर आयकू येऊन नाई राहिलं!"

सगळं सभागृह हसलं. दोन्हीकडचं. पण शांत झालं हो!

मंत्री म्हणाले, मार्चचं उत्तर जिल्ह्यातून आलेल्या माहितीवर होतं, ते चुकीचं होतं. मग हळूच, "पण सन्माननीय सदस्यांना उद्घाटन कोणी केलं हे माहीत असेलच."

कोणीतरी मागून ओरडलं, "सांगा ताई, कोणी केलं?"

आता हात जोडून बसते की काय, असं वाटलं. मग नत्थुजी आठवले, उभ्यानं बोलणारे.

म्हटलं, "माझ्या यजमानांनी केलं. ते आता उत्तर द्यायला नाहीत. मंत्रिमहोदय आहेत. माझ्या गल्लीतली पिंकी रक्ताविना अमरावतीच्या रस्त्यात गेली. पुढची बाई जायच्या आधी परवानगी कोणत्या तारखेला देता, तेवढं सांगा."

मंत्र्यांनी कागद चाळले. महिनाभरात, म्हणाले. अध्यक्ष म्हणाले, "आश्वासन म्हणून नोंद घ्यावी." किशोर सांगतो, नोंद झाली की त्यासाठी वेगळी समिती मागे लागते.

बसल्यावर कळलं, चष्मा डोक्यावरच होता. दोन्ही कागद न वाचताच बोलले.

३० जून

पेपरात आले. "बाकं वाजवू नका ना बाप्पा!" — मोठ्या अक्षरात, फोटोसह. फोटोत तोंड उघडं. पिंकीचं नाव शेवटच्या ओळीत. पण आलं.

स्वप्निलचा फोन नाही.

७ ऑगस्ट, पिंपळखेड

परवानगी आली. महिन्यात नाही, पण आली. उद्घाटन करा म्हणून दवाखान्यातून निरोप. मी कळवलं, फक्त प्लग लावा.

२६ ऑगस्ट

डॉक्टरांचा फोन. काल अंजनगावकडच्या एका मजूर बाईला इथंच दोन पिशव्या चढवल्या. मुलगा झाला. दोघं ठीक आहेत.

नत्थुजींना सांगायला गेले. ते नातीला मांडीवर घेऊन बसले होते. ऐकलं. म्हणाले, "चांगलं झालं, बाई." मग बाळाचं टोपडं नीट करत बसले. टोपडं नीटच होतं. मीही तिथंच बसले. त्यांनी बसा म्हटलं नाही, मी विचारलं नाही.

१० ऑक्टोबर

निवडणूक लागणार म्हणतात. स्वप्निल आठवड्यात दुसऱ्यांदा मुंबईला गेला. क्लासेसचं काम आहे म्हणतो. माझ्याशी बोलायला लागला, हेच खूप. जाताना डबा पण घेतला.

२२ ऑक्टोबर

दुपारी पक्षाची यादी आली. आपल्या मतदारसंघातून उमेदवार — स्वप्निल महादेवराव.

तो आला, पाया पडला. मी डोक्यावर हात ठेवला. खरा आशीर्वाद दिला, आई आहे मी.

तो गेल्यावर किशोरला फोन केला. म्हटलं, उद्या अपक्षाचा अर्ज आण. माझ्या नावानं.