मास्तरांनी सांगितलेला सिनेमा

अण्णा, तो विलायती सिनेमा मी गेल्या महिन्यात पुण्यात पुन्हा पाहिला. या वेळी मध्ये बोलायला तुम्ही नव्हतात.

तुम्ही दिवसा शाळेत इंग्रजी शिकवायचात आणि संध्याकाळी नगरच्या थिएटरात पडद्याशेजारी उभे राहून इंग्रजी सिनेमे मराठीत सांगायचात. हा सिनेमा कॅम्पातल्या गोऱ्या शिपायांसाठी आला होता, मग स्वस्तात गावाला मिळाला. काढलाही स्वस्तातच असावा. दार आपटलं की लंडनची भिंत हलायची. त्यातला पोरगा घड्याळांचं दुकान फोडतो. त्याच आठवड्यात आपल्या दादाने सायकलचा दिवा चोरला होता, आणि तो अगदी पुढे बसला आहे.

"मास्तर, पोरगं लई बेरकी हाय," मागून कोणीतरी म्हणतं. "बापानं हाणायला पायजे हुतं."

"हाणून हाणून बिचारा थकला," तुम्ही म्हणता, आणि छडी पडद्यावरून दादाकडे वळवता. "आमच्या घरीही एक नमुना आहे. हा बघा."

थिएटर हसतं. शेवटी न्यायाधीश बोलू लागतो, ऑपरेटर नेहमीप्रमाणे आवाज कमी करतो, आणि तुम्ही सांगता, "कोर्ट म्हणतं, हे बी मुळातच किडकं. बापाचा यात काही दोष नाही."

मी दवाखान्यात एक्स-रे काढते. फोटोत नाही ते सांगत नाही. न्यायाधीश असं बोलतच नाही. तो म्हणतो, या मुलाला घरात माराखेरीज काही मिळालं नाही. पिंजऱ्यात खरं तर बापाने उभं राहायला हवं.

दादा दुसऱ्याच दिवशी घर सोडून गेला. तुम्ही गेलात तेव्हा स्मशानात पोचवायलाही आला नाही, म्हणून नातेवाईक अजून त्याला नावं ठेवतात. तो श्रीरामपूरकडे साखर कारखान्यात फिटर आहे. तिथे जाऊन मी त्याला खरं वाक्य सांगितलं.

"अगं, पुढच्या रांगेत ऐकू येत होतं," तो हात पुसत म्हणाला. "इंग्रजी अण्णांनीच शिकवलंय, तेही छडीने. कोर्टानं बापाला धरलं, तर त्यांनी कोर्टच बदललं."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"कुणाला सांगू? सगळे मास्तरांना ऐकायला आले होते."

आता नातेवाइकांना मी न्यायाधीशाचं वाक्य जसंच्या तसं सांगते. तुम्हाला माफ करण्याचा विचार नाही. हे पत्र कुठे टाकायचंही नाही, म्हणून एवढं लिहिते: पुण्यात तो सिनेमा अगदी सुमार वाटला, अर्ध्यावर उठणार होते. नगरला तुम्ही सांगत होतात, तेव्हा तो संपूच नये असं मला वाटत होतं.