बर्फाच्या उतारावरून मारलेली हाक

आई, पोरं परत आली. कायमची आली. आतल्या खोलीत आत्ता गिझर चालू कोणी ठेवला यावरून मुलगा आणि सून वाद घालताहेत, नात शाळेचे मोजे शोधते आहे, आणि मी नोएडातल्या या बाल्कनीत दोन स्वेटर चढवून तुला लिहायला बसलो आहे. धुकं एवढं आहे की समोरची बिल्डिंग दिसत नाही. तू गेलीस तेव्हा हा मुलगा रांगत होता. तुला वाचता येत नव्हतं आणि मी आठवीतच शाळा सोडली, त्यामुळे पत्र म्हटलं की मला दिल्लीतलं सरोजिनी नगरचं आपलं क्वार्टर आठवतं. तू स्टोव्हला पंप मारत गावी पाठवायच्या पत्राचा मजकूर सांगायचीस, मी लिहायचो. माझा ताप, पाण्याची बोंब, वडिलांचा खोकला, सगळं सांगून झालं की शेवटी "काळजी नसावी" असं लिहायला लावायचीस. आणि मी पत्र टाकून येईपर्यंत दारात उभी. "पेटीत नीट पडलं ना? आवाज ऐकलास?" ती तुझी काळजी जशीच्या तशी माझ्याकडे आली. बायको म्हणते, "सासूबाईंनी सुनेला पाटल्या दिल्या आणि मुलाला बीपी."

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसात मला नोकरी लागली, त्या पहिल्या दिवशी तू तीनतीनदा मफलर, डबा, बसचे पैसे विचारलेस आणि मी तुझ्यावर खेकसलो. तू शांतपणे म्हणालीस, "घरात एकानं काळजी करावी लागते, मग बाकीचे निवांत झोपतात. मी नसले की तू करशील." आणि माझ्या हातावर दही घातलंस. तुझा नियमच होता, निघणाऱ्याच्या हातावर दही, म्हणजे माणूस सुखरूप त्याच उंबऱ्यावर परत येतो. तिथेच मी म्हातारा होईपर्यंत खोल्या सांभाळल्या, चादरी घातल्या, नळ बंद आहेत का ते पाहिलं आणि रोज घरी परत आलो.

मुलगा बरीच वर्षं कॅनडात राहिला. मागे एकदा कायमचा येतो येतो म्हणाला होता. बायकोनं त्याच्या खोलीला नवे पडदे शिवून लावले, आणि मग त्याचा फोन आला, आत्ता जमत नाही. तिनं स्टुलावर चढून पडदे उतरवले. या वेळी तो म्हणाला, "बाबा, तुम्ही इकडे या, परत आपण सगळे बरोबरच जाऊ. निघण्याआधी गाडीनं डोंगरात जरा फिरू." बायकोचे गुडघे प्रवासाचे नाहीत, म्हणून मी एकटा गेलो. निघताना ती पुन्हा स्टुलावर चढून पडदेच लावत होती. वरून म्हणाली, "अहो, त्यांना विमानात बसवा, एवढंच तुमचं काम. मध्ये तोंड उघडू नका."

ते तोंड फिरायला निघायच्या पहिल्याच सकाळी उघडलं. घर रिकामं झालं होतं, सामान गाडीत होतं. आता फिरून थेट विमानतळ, तिथे गाडी मुलाच्या मित्राला द्यायची, या घरी काही परत यायचं नव्हतं. तेवढ्यात सून दह्याचा डबा आणि चमचा घेऊन आली. "बाबा, हात पुढे करा." मी हात मागे घेतला.

"नको. इथे नको. दही घेतलं की माणूस त्याच उंबऱ्यावर परत येतो. या उंबऱ्यावर परत यायचंय का तुम्हाला?"

सुनेनं मुलाकडे पाहिलं, मुलानं सुनेकडे. मला ते पाहणं अजिबात आवडलं नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, दह्याला पत्ता कळत नाही हो." सगळे हसले, आणि हसताहसता नातीनं डबा उचलून अख्खं दही खाऊन टाकलं. भूक लागली होती म्हणे. आठ वर्षांची पोर. गाडी सुटली तरी माझ्या डोक्यात तेच. आम्ही सगळे जाऊ आणि ही एकटी इकडे परत येईल की काय!

आई, तो देश फार सुंदर आहे, आणि तीच माझी पंचाईत होती. वळण घेतलं की नवा डोंगर, डोंगराखाली गोठलेलं तळं, तळ्यावर माणसं चक्क चालताहेत. सून दर वळणाला म्हणायची, "किती सुंदर ना!" आणि मी मनात म्हणायचो, इतकं सुंदर असेल तर ही पोरं हे सोडतील कशाला? म्हणून मी नावं ठेवायला लागलो. झाडांना पानं नाहीत. चहात आलं नाही. चार वाजता अंधार, हा काय दिवस झाला? मुलगा आरशातून बघून म्हणायचा, "बिल्कुल बरोबर, बाबा." बायकोचा फोन आला की पहिला प्रश्न, "काही बोललात का?"

दुसऱ्या दिवशी एका टेकडीवर थांबलो. मुलं प्लॅस्टिकच्या घसरगाडीवर बसून बर्फातून खाली घसरत होती. नात म्हणाली, "आबा, चलो ना, मी पुढे बसते, तुम्ही मागे." मी म्हटलं, "आबांची हाडं जुनी आहेत." तर ती म्हणते, "मग हळू पडू." कसं बसलो मला माहीत नाही. बसलो तेवढ्यात मागून मुलानं ढकललं, आणि आई, मी सबंध डोंगराला ऐकू जाईल असा ओरडलो, "आई गंऽऽ!" इतक्या वर्षांत तुला इतक्या मोठ्यानं हाक मारली नव्हती. खाली पोचून दोघं उलटेपालटे झालो, तोंडात बर्फ, कानटोपी कुठच्या कुठे. हसूच थांबेना. नात म्हणाली, "अगेन!" आणि आम्ही परत वर गेलो. पुन्हा पुन्हा गेलो. दर वेळी तुझंच नाव.

पण संध्याकाळी मोटेलच्या खिडकीशी मुलगा सुनेला म्हणताना ऐकलं, "यार, हे सगळं किती आठवेल आपल्याला." सून नुसतं "हं" म्हणाली. माझं जेवण तिथेच संपलं.

सकाळी खोली सोडायच्या आधी मी सवयीनं चादर घालत होतो. नात म्हणते, "आबा, इथे कोणी करत नाही असं." मुलगा आला आणि त्यानं चादरीची पलीकडची टोकं धरली. मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. "राहायचं असेल तर राहा बाबा. पण आत्ता सांग. तुझ्या आईनं पुन्हा पडदे लावलेत. ते पुन्हा उतरवताना मला बघवायचं नाही."

त्यानं चादरीचं टोक गादीखाली खोचलं. "म्हणून दोन दिवस झाडांना शिव्या घालताय?"

"पानं नाहीतच त्यांना."

तो हसला, आणि मग म्हणाला, "बाबा, जायचं पक्कं आहे. म्हणून तर सगळं नीट बघून घेतोय. तुम्ही खोली सोडताना चादर घालता ना, तसंच." दारातून सून म्हणाली, "आणि आईंना मी कालच फोन केला होता. त्या म्हणाल्या, ह्यांचा चेहरा पडला असेल, जरा लक्ष ठेव."

म्हणजे माझी काळजी करणारंही कोणी होतं. आई, त्या दिवशी मी गाडीत चक्क झोपलो.

शेवटच्या दिवशी पुढे रस्ता बर्फानं बंद झाला. गाड्यांची रांग, कोणी हलेना. सून घड्याळ बघते, मुलगा पुन्हा पुन्हा फोन लावतो, विमान चुकेल की काय. मी मागे बसलोय, नात माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलीये. आम्ही भेंड्या खेळतो, थर्मासमधला चहा एकाच झाकणातून फिरतो, तिला "ळ" आला की ती चिडते. काचेवर वाफ धरलीये, बाहेरचं काही दिसत नाही. कोणाला ऑफिस नाही, कोणाची मीटिंग नाही, माझी माणसं हाताच्या अंतरावर आहेत. थोड्या वेळानं रस्ता मोकळा झाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आता इथे आल्यापासून तो सकाळी निघतो तो रात्री येतो, सुनेला नोकरी लागली, नात शाळेच्या बसमध्ये. पडदे जागेवर आहेत. सगळं मनासारखं झालंय, खरंच. हा कागद मी कोणाला दाखवणार नाही, विशेषतः बायकोला, कारण एक गोष्ट मी फक्त तुला सांगू शकतो. ज्याला पोरांना विमानात बसवायला पाठवलं होतं, तो माणूस त्या रांगेत डोळे मिटून देवाला म्हणत होता, आजच्या दिवस रस्ता उघडू नकोस.