खडू, टक टक, मग नेम

४ मार्च
पंचांनी पुन्हा हात वर केला — वेळ संपली! फाउल! हातातला डाव गेला. पूलच्या टेबलावर आता प्रत्येक फटक्याला घड्याळ, आणि माझी सवय जुनीच — काठीच्या, म्हणजे क्यूच्या, टोकाला खडू कुर्रकुर्र घासायचा, क्यूचं बूड जमिनीवर टक टक आपटायचं, मग वाकायचं. त्याशिवाय नेमच लागत नाही. करू काय!

रविवारी हरले तर व्यावसायिकांच्या यादीतून नाव कटलं. मग वहिनीच्या दुकानात गल्ल्यावर. ती म्हणते, "बस की, पंखा आहे तिथे." मेलं ते दुकान!

५ मार्च
कोच वैतागले. "क्यू आहे तो, नवरी नाही. किती सजवशील? खडू नुसता टेकव. टकटक बंद!"

केलं तसं. एक चेंडू पॉकेटात जाईल तर शपथ.

७ मार्च
अण्णांशी भांडले. म्हणे, "खडू नीट घास गं. वाजला पाहिजे."

"अण्णा, घड्याळ आहे आता!"

"असू दे. निदान टकटक तरी सोडू नकोस."

ज्या बापाने खेळ शिकवला, तोच पाय ओढणार? वर चहा कपाबाहेर ओतला, पुसलाही नाही. लक्ष कुठे असतं यांचं!

८ मार्च
जेवताना चमचा टक टक आपटला. वहिनी हसून हसून बेजार. मला रडूच आलं.

९ मार्च
उद्या मॅच. अण्णा येणारच — पुढच्या रांगेत, मान खाली घालून. "बघवत नाही गं, टेन्शन येतं." मग येतात कशाला?

१० मार्च
जिंकले!!! खडू टेकवला, वाकले, मारला — घड्याळ एकदाही आडवं आलं नाही. कोचनी पाठीत धपाटाच घातला. यादीत राहिले! अण्णांनी मात्र मान वर केली ती माझं नाव पुकारल्यावरच.

११ मार्च
सकाळी अण्णा म्हणाले, "काल जिंकली म्हणून तुझं नाव पुकारलं तेव्हा दचकलोच. मला वाटलं, ती समोरचीच खेळतेय आणि तू बसून आहेस. तुझा खडू एकदाही वाजला नाही गं."

मी खिडकीशी उभी होते. ते माझ्या रिकाम्या खुर्चीशी बोलत होते.

क्यू घेतला. खडू घासला, जोरात. अण्णांनी मान वळवली आणि माझ्याकडे तोंड करून हसले.