बाजूला काढलेले दाणे

३ मार्च
शेंगदाण्यांतल्या बुरशीच्या विषाचा अहवाल ऑफिसात माझ्या गळ्यात पडला. वीस तारखेला हवा म्हणे! हिशेब सरळ आहे: माणूस साठ किलोचा, रोज एक मूठ दाणे, एक वर्ष. लिव्हर बिघडवणारं हे विष असतं ते मोजक्या काळ्या, सुरकुतलेल्या दाण्यांत. तीनशेबारा घरांना विचारलं होतं, 'खराब दाणे बाजूला काढता का?' जवळजवळ सगळे हो म्हणाले. म्हणून विष ऐंशी टक्के कमी धरलं. धोका – नगण्य.

५ मार्च
आईच्या लिव्हरचे आकडे वाढलेत. डॉक्टरांनी दारूचं विचारलं, तर ही जी भडकली! चहाशिवाय काही प्यायलेली नाही, म्हणाली. वजन त्रेचाळीस. दोन महिन्यांनी परत तपासू, असं ठरलं.

८ मार्च
रविवार. आई ताटात दाणे निवडत बसली होती. चाळीस वर्षांचा हात, एक काळा दाणा सुटत नाही. म्हटलं, "खराब टाकतेस ना?" "नाहीतर काय, तुमच्या पोटात घालू?" माझ्या ऐंशी टक्क्यांवर शिक्कामोर्तब. बरं वाटलं.

१२ मार्च
साहेबांना मसुदा आवडला. 'नगण्य' ठळक करा म्हणाले.

१५ मार्च
आई निवडून उठली, मी कचरा बाहेर ठेवायला गेले. बादलीत एक दाणा नाही.

पिठाच्या डब्यामागे एक छोटा डबा सापडला. काळे, सुरकुतलेले दाणे, भाजून मीठ लावलेले. अर्धा संपलेला.

आई शांतपणे म्हणाली, "तुम्हाला कधी दिले नाहीत गं. अन्न टाकवत नाही. कडू लागतात, पण मिठाने कळत नाही."

मी रागावले. मग हात धुऊन तो डबा पिशवीत घातला. राग कोणावर, ते लिहीत नाही.

१६ मार्च
डबा तपासणीला दिला. प्रश्नावली काढून पुन्हा वाचली. आम्ही 'बाजूला काढता का' विचारलं होतं. 'टाकतात' हे मी लिहिलं. बाजूला काढलेल्याचं पुढे काय होतं, कोणी विचारलंच नाही.

१७ मार्च
वीस घरांना फोन केले. सहा घरं टाकतात. चौदा घरांत कोणीतरी खातं – आजी, सासू, कामाला येणारी बाई. एक जण हसून म्हणाली, "मीच. अजून कोण?"

साहेब म्हणाले, "छापायला चाललेला अहवाल उघडता? हात दाखवून अवलक्षण!" उघडला.

१९ मार्च
डब्याचा आकडा आला. दोनदा तपासून घेतला. साठ खोडून त्रेचाळीस घातले, एका वर्षाच्या जागी चाळीस. 'नगण्य' काढून टाकलं.

आईने विचारलं, "काय निघालं गं माझ्या डब्यात?"

"अजून कळलं नाही," म्हटलं. तिच्या सोनोग्राफीची वेळ उद्या सकाळची घेतली आहे.